केरबा तात्यांच्या गाडीचे हँडल

वाचकहो, प्रस्तुत कथेमध्ये केरबा तात्या यांच्या मोटारसायकलीचे हँडल कोणत्या कारणाने थरथरत होते, त्या कारणाचा शोध कसा लागला, आणि शोध लागल्यानंतर तात्यांना काय करावे लागले, याचा साद्यंत वृत्तान्त कथन केला जाणार आहे. कथा लहान आहे. तिच्यात युद्ध नाही, चमत्कार नाही, आणि खलपुरुष म्हणावा असा मनुष्यही नाही. तथापि ज्याने कधी दोन चाकांवर ओझे वाहिले आहे, आणि ज्याच्या घरातले एक माणूस कमी झाले आहे, अशा वाचकाने ती सावकाश वाचावी, एवढीच विनंती.

सातारा जिल्हा जेथे संपतो आणि सांगली जिल्ह्याची हद्द लागते, त्या सीमेवर डोंगराच्या उतरणीला तांबडेवाडी नावाची वस्ती आहे. तेथे केरबा तात्या राहतात. वय उताराला लागलेले, अंगकाठी सडसडीत, बोलणे मोजके. गोठ्यात दुभत्या म्हशी. त्यांचा एकुलता एक पुत्र साईराज हा पुण्यास एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. लग्नापूर्वी त्याला डोंगर चढण्याचा नाद होता, आणि त्या नादापायी त्याने एक मोटारसायकल घेतली होती. ती गाडी साध्या रस्त्यासाठी बनलेलीच नव्हती. उंच, कृश, पुढचे चाक मोठे, मडगार्ड चाकापासून वीतभर वर उचललेले. ओढे, नाले, मुरमाड, दगडधोंडे यांतून ती हरणासारखी जात असे. पुढे साईराजचे लग्न झाले, मूल झाले, चारचाकी आली, आणि सूनबाई सोनिया यांनी "हा घोडा आता गावाला बांधा" असे सांगितल्यावरून ती गाडी तांबडेवाडीस आली.

आरंभी वस्तीने तिची यथेच्छ थट्टा केली. धोतर नेसलेला मनुष्य एवढ्या उंच गाडीवर टांग टाकतो कसा, हे पाहण्यास पोरे जमत असत. परंतु डोंगरावरून डेअरीपर्यंत जाणारी वाट अशी खडकाळ, की साध्या गाडीचे बूड पहिल्याच पावसाळ्यात फुटून जाई. ही गाडी मात्र त्या वाटेला पुरून उरली. तात्या आणि त्यांच्या धर्मपत्नी रंगूबाई रोज सकाळी तिच्यावर बसून डेअरीस दूध घालू लागले. रंगूबाई घराच्या ओट्यावर चढून मग सीटवर बसत. दुधाचा एक कॅन तात्यांच्या पाठीस टेकवून सीटवरच ठेवीत आणि त्याला दोन्ही हातांनी कवटाळीत. दुसरा कॅन त्यांच्या पायाशी आकड्याला लोंबत असे. डेअरीचे सभासदत्व रंगूबाईंच्या नावे होते, आणि मशीनवर फॅट किती लागली ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याविना त्यांचा विश्वास बसत नसे.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर तापाचे निमित्त झाले आणि रंगूबाई गेल्या.

या घटनेचे वर्णन लेखकाने विस्ताराने करावे अशी वाचकांची अपेक्षा असू शकते. परंतु तात्यांच्या मनात त्या दिवसांचे जे काही शिल्लक आहे ते फारच थोडे आहे. दहाव्याच्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवला, कावळा लगेच शिवला, आणि बायामाणसांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. तात्यांना त्या वेळी भात जरा जास्त शिजला आहे एवढेच दिसले. ते घरी आले, धोतर बदलले, आणि धारा काढण्यास बसले. शेजारच्या शालूबाई भाकरी आणून देत, ती ते खात. गोड की खारट हे विचारले असते तर सांगता आले नसते. रडू आले नाही. आपल्याला रडू का येत नाही, असा विचारही आला नाही.

दूध मात्र रोज डेअरीला जाणे भाग होते. तात्यांनी फाट्यावरच्या वेल्डरकडून सीटच्या मागे, शेपटीच्याही पलीकडे, एक लोखंडी कॅरिअर करून घेतले आणि दोन्ही कॅन त्याच्यावर बांधू लागले. वेल्डर म्हणाला होता, "तात्या, सीट मोकळीच हाय की, तिच्यावरच आवळा." तात्या म्हणाले, "न्हाई. मागं कर." त्यांनी कारण सांगितले नाही आणि वेल्डरनेही विचारले नाही.

आणि त्यानंतर हँडल थरथरू लागले.

कालव्याचा पूल ओलांडला की डांबरी रस्ता लागतो आणि उतार सुरू होतो. त्या उताराला गाडीने वेग घेतला की हँडल एकाएकी डाव्या-उजव्या अंगाला भराभर हलू लागे. म्हैस जशी माशी उडवण्यासाठी मान झाडते, अगदी तसे. तात्या मुठी आवळीत, तरी ते थांबत नसे. वेग सोडला की आपोआप शांत होई. परत येताना मात्र काही होत नसे, कारण परतीची वाट चढाची आणि गाडी हळू.

डेअरीचा सचिव वीरधवल हा साईराजचा शाळासोबती. ओट्यावर उभा राहून त्याने हा प्रकार पुष्कळदा पाहिला.

"तात्या, गाडी नाचतीया का तुमी?"

"गाडी."

"मंग परत जाताना का न्हाई नाचत? तवा दमतीया व्हय?"

"चढ हाय. हळू जातो."

"आवं, रंगूमावशी मागं बसायच्या तवा तर कवा हलली न्हाई. डबल वजन असून. आता तुमी एकटं, आन् ही डुलतीया." वीरधवलने कॅन उतरवून घेतला आणि आवाज उतरवून म्हणाला, "हात दावा बघू जरा."

तात्यांनी हात पुढे केले. सकाळचा गारठा होता. बोटे किंचित कापत होती.

"ह्ये बघा," वीरधवल म्हणाला. "दुखणं गाडीचं न्हाई, गड्याचं हाय."

हे त्याने द्वेषाने म्हटले नाही. वस्तीत सर्वांचेच असे मत होते, की रंगूबाई गेल्याचा तात्यांनी धसका घेतला असून तो हातांत उतरला आहे. माणूस बोलत नाही, रडत नाही, म्हणजे ते कोठून तरी बाहेर पडणारच. त्या रात्री वीरधवलने साईराजला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी साईराजचा चेहरा तात्यांच्या मोबाइलवर प्रकट झाला.

"आबा, पाण्याचा पेला भरून घ्या. काठोकाठ. आणि हात लांब करून धरा."

तात्यांनी पेला धरला. थोडे पाणी सांडले.

"बघितलंत?"

"भरलेला हाय म्हणून सांडलं."

"आबा, मी डॉक्टरांशी बोललोय. या वयात होतं असं. गाडीला काय धाड भरलीय, अजून नवी आहे ती. उद्या त्या उतारावर काही झालं म्हणजे मी कुणाच्या तोंडाकडं बघू? लोणंदचा एक माणूस आहे, शनिवारी म्हशी बघायला येतोय. सौदा झाला की मी कार घेऊन येतो, तुम्ही इकडं चला. सोनियानं खोली रिकामी करून ठेवलीय."

"बरं," तात्या म्हणाले. बरं हा शब्द त्यांच्या तोंडी अलीकडे फार येत असे.

फोन ठेवल्यानंतर ते गोठ्यात गेले. थरथरणाऱ्या हातांनी सड दाबता येत नाहीत, दूध बादलीच्या बाहेर जाते, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती आणि त्यांची बादली तर रोज भरत होती. पण हे साईराजला सांगावे असे त्यांना सुचले नाही. सुचले असते तरी सांगण्याचे त्राण नव्हते. रंगूबाई गेल्यापासून त्यांना कशाचीच इच्छा उरली नव्हती. फक्त एक सोडून. त्यांना पुण्याला जायचे नव्हते. या गोठ्यात, या ओट्यावर, याच घरात राहायचे होते. दोष जर हातांत असेल तर जावे लागणार, आणि दोष जर गाडीत असेल तर जावे लागणार नाही. इतके सरळ गणित होते. म्हणून शुक्रवारी दूध घालून आल्यावर त्यांनी गाडी सांगलीस नेण्याचे ठरवले. असल्या डोंगरी गाड्यांचे काम तेथील जिनदत्त चौगुले उत्तम करतात, असे त्यांनी ऐकले होते.

निघण्यापूर्वी त्यांनी दोन्ही कॅन सोडून ओट्यावर ठेवले आणि गाडी कालव्यावर नेऊन धुतली. शेण, चिखल, सांडलेल्या दुधाचे ओघळ, सारे नारळाच्या काथ्याने घासून काढले. शेणामातीची गाडी शहरात न्यायची नाही, असा रंगूबाईंचा दंडक होता. सांगलीची माणसे काय म्हणतील, हे त्या नेहमी म्हणत. त्या आता म्हणणार नव्हत्या. तरी तात्यांनी गाडी धुतली, कारण गाडी सांगलीला नेणे म्हणजे आधी ती धुणे, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते.

सांगलीस जाताना उतारावर हँडल मुळीच हलले नाही. आज हात बरे आहेत, असे तात्यांना वाटले.

सांगलीत हळदीच्या पेठेमागे जिनदत्त चौगुले यांचे गॅरेज आहे. जिनदत्त हे पन्नाशीचे, गोरे, पोट सुटलेले, कपाळावर चंदनाचा बारीक टिळा. त्यांनी गाडीकडे पाहिले आणि हसले.

"या मामा. गाडी नवरीगत नटवून आणलीय की. कुठं लगीन हाय?"

"हँडल हलतंय."

"कवा? हळू असताना का जोरात?"

"जोरात. उताराला."

जिनदत्तांनी मग रीतसर तपासणी आरंभिली. इंजिनखाली लाकडी ठोकळा सारून पुढचे चाक अधांतरी केले. हँडल एका बोटाने इकडून तिकडे फिरवून पाहिले, कोठे अडकते का म्हणून. मग खाली बसून पुढच्या दोन्ही शॉकअपची टोके धरली आणि चाक पुढे-मागे हिसडले. हँडल ज्या गोळ्यांवर फिरते तो कोनसेट ढिला झाला असेल तर अशा वेळी हाताला टकटक लागते. जरा लागली. त्यांनी नट अर्धा आटा आवळला. चाकाच्या एकेका आरीवर पान्याने टिचकी मारून आवाज ऐकला. चाकाच्या दांड्याचे बोल्ट सैल केले, गाडी खाली उतरवून हँडल पुन्हापुन्हा खाली दाबले, म्हणजे दोन्ही शॉकअप आपापल्या जागी सरळ बसतात, आणि मग बोल्ट आवळले. हवा मोजली. हे सर्व होईपर्यंत तात्या एका जुन्या टायरवर बसून होते. चहा आला, तो त्यांनी घेतला.

नंतर जिनदत्त गाडी घेऊन बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले.

"मामा, बायपासला सपाटून पळवली. दोन्ही हात सोडून आलो. गाडी सुतात चालतीया."

"हलली न्हाई?"

"तसूभर न्हाई." त्यांनी पान्यास फडके लावले. "राग मानू नका. कोनसेट उगं नावाला ढिला हुता. त्यानं एवढं हलत न्हाई. गाडीत दोष न्हाई."

"मंग हातात?"

"त्ये मी कसं सांगू? मी नटबोल्टचा माणूस. डॉक्टरला दावा एकदा."

"बरं," तात्या म्हणाले.

निकाल लागला होता. तात्यांना दुःख व्हावयास हवे होते, पण तसे काही झाले नाही. म्हशी विकेपर्यंत त्यांना खाण्यास तर घालावेच लागणार, म्हणून ते पेठेत गेले. सरकी पेंडेची दोन पोती घेतली. हमालाने ती मागच्या कॅरिअरवर टाकून सुतळीने करकचून आवळली. ऊन कलले होते. तात्या इस्लामपूरच्या रस्त्याला लागले.

सांगली मागे पडली, रस्ता मोकळा झाला, तात्यांनी वेग घेतला, आणि हँडल थरथरू लागले. सकाळी उतारावर हलत असे त्याहूनही जास्त. पुढचे चाक जमिनीवर आहे की नाही असा भास झाला. तात्यांनी मूठ सोडली, गाडी हळूहळू शांत झाली, आणि त्यांनी ती एका उसाच्या कडेला उभी केली.

मग त्यांनी दोन्ही हात समोर धरले. हात थांबलेले होते. हेच हात सांगलीला येताना कालव्याच्या उतारावर होते, आणि तेव्हा गाडी हलली नव्हती. आता सपाट रस्ता, गारठा नाही, हात तेच, आणि गाडी हलली. मध्ये काय बदलले? तात्यांनी मागे वळून पाहिले. दोन पोती होती.

एरवी हा विचार त्यांना केव्हाच सुचला असता. परंतु कित्येक महिन्यांत त्यांनी कोणत्याही गोष्टीकडे वळून पाहिले नव्हते. त्यांनी गाडी उलटी फिरवली आणि सायकलच्या वेगाने परत सांगलीस आले.

जिनदत्त हात धुऊन कपडे बदलण्याच्या तयारीत होते. ते जैन कुटुंबातले, घरी दिवस मावळण्याच्या आत जेवणाचा नेम. त्यांची मुलगी ब्राह्मी फोनवर त्यांना बोलावीत होती, आणि ते "निघालो, निघालो" म्हणत होते. तात्यांना पाहून त्यांनी फोन कानापासून दूर केला.

"काय मामा, काय ऱ्हायलं?"

"तुमी एकदा बसून बघा."

"आवं, बघितली की मघाशी."

"मघाशी मोकळी हुती. आता पोती हायत. अशीच न्या."

जिनदत्तांनी पोत्यांकडे पाहिले, मग आभाळाकडे पाहिले. सूर्य पेठेच्या पत्र्यांच्या वर हातभर उरला होता. त्यांनी फोनमध्ये "तुमी जेवून घ्या" असे सांगितले आणि गाडीवर बसले.

तात्या रस्त्याच्या कडेला उभे राहिले. रिक्षा गेल्या, सिटी बस गेली, हळदीच्या पोत्यांचा टेम्पो गेला. टेम्पोमागून पिवळी धूळ उडाली आणि खाली बसली. मग त्याच रस्त्याने जिनदत्त आले. फार हळू, दोन्ही पाय जमिनीला घासत. त्यांनी गाडी बंद केली आणि काही वेळ तशीच धरून ठेवली.

"हललं," ते म्हणाले.

"तुमच्या हातात?"

"माझ्या हातात. लय बेकार. पडलो असतो की ओ मामा. ही असली गाडी तुमी रोज चालवताय?"

तात्यांनी मान डोलावली. दोष हातांत नव्हता. जे ऐकण्यासाठी ते आले होते ते त्यांनी ऐकले. आता पुण्याला जावे लागणार नव्हते. त्यांना आनंद व्हावयास हवा होता. ते टायरवर जाऊन बसले आणि आनंदाची वाट पाहिली, पण तो आला नाही. आलाच तर मागाहून येईल, असे म्हणून त्यांनी सोडून दिले.

जिनदत्तांनी मात्र सदरा पुन्हा काढून खुंटीला लावला होता. त्यांनी कॅरिअरच्या टोकाला हाताने जरा भार दिला. पुढचे चाक जमिनीवरून उचलले गेले, एखादे मूल मान वर करून पाहते तसे.

"ह्ये बघा. ओझं मागच्या चाकाच्याबी मागं लोंबतंय. मागची स्प्रिंग बसती, पुढचं चाक हलकं हुतंय, त्याला भुईचा आधार न्हाई. मंग ते थरथरणार न्हाई तर काय करंल? कोण शाण्यानं केलं हे कॅरिअर?"

"मीच करून घेतलं."

"दूध यावरच न्यायचा?"

"व्हय."

"आन् मला दाखवायला आणताना कॅन काढून, गाडी धुवून पुसून आणली. वा मामा. आजारी माणसाला नटवून दवाखान्यात न्यायचं आन् म्हणायचं, बघा काय झालंय." ते हसले, परंतु तात्या हसत नाहीत हे पाहून थांबले. "ह्याच्या आधी कसं न्यायचा?"

"मंडळी बसायची मागं. एक कॅन मधी सीटवर, एक तिच्या पायाशी."

"म्हंजी तवा ओझं जादाच हुतं."

"जादा हुतं. पर हलत नव्हतं."

"कसं हलंल? समदं मधी हुतं. तुमच्या पाठीला लागून. त्या वजनानं गाडी भुईला धरून ऱ्हायची." जिनदत्त सीटकडे पाहत होते. लांब, काळी, मोकळी सीट. "मामा, एवढी जागा सोडून त्या टोकाला कशापायी बांधलं?"

बाहेर एक बाई गुळाची ढेप डोक्यावर घेऊन चालली होती, ती दिसेनाशी होईपर्यंत ते तिच्याकडे पाहत राहिले.

"ती जागा तिची हाय," ते म्हणाले.

जिनदत्तांनी पाना उचलला, खाली बसून मागच्या शॉकअपची स्प्रिंग दोन घरे आवळली, उठले, हात पुसले.

"स्प्रिंग कडक केली. पर तेवढ्यानं भागायचं न्हाई. कॅरिअर कापून ओझं पुढं घ्यावं लागंल. सीटवर."

"दुसरा काय उपाय?"

"तिथं एखादं माणूस बसवा रोज, कॅन मांडीवर घेऊन."

"माणूस न्हाई."

"मंग सीटवर बांधा." जिनदत्त अगदी हळू बोलत होते. "आन् जमत नसंल तर गाडी इका मामा. खरं सांगतो. पर अशी चालवू नका."

तात्यांनी हिशेब केला. गाडी विकली तर डोंगरावरून दूध खाली येणार नाही. दूध आले नाही तर म्हशी ठेवून उपयोग नाही. म्हशी गेल्या की पुणे. सगळ्या वाटा फिरून त्या रिकाम्या सीटपाशीच येत होत्या. ती मोकळी ठेवायची तर घर सोडायचे, आणि घरात राहायचे तर ती भरायची. रंगूबाई असत्या तर त्यांनी यावर काय म्हटले असते, याचा विचार त्यांनी केला. जागा रिकामी ठेवून मोठा माणूस पडायला निघालाय, असे काहीतरी म्हटले असते आणि भाकरी उलटली असती. पण हे त्यांनी स्वतःच मनात रचले आहे, हेही त्यांना ठाऊक होते.

"कापा," ते म्हणाले.

जिनदत्तांनी ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या, लोखंड जळाल्याचा वास आला, आणि कॅरिअर खाली पडले. त्यातला एक तुकडा त्यांनी सीटच्या कडांना आडवा बसवून दोरी आवळण्यासाठी आकडे केले. दोन्ही पोती जमिनीवर होती. जिनदत्त त्यांतले एक उचलण्यास वाकले आणि मध्येच थांबले.

"तुमीच ठेवा, मामा."

तात्यांनी पोते उचलले. पेंडेचे पोते जड असते, पण त्यांना ते जड लागले नाही. सीटवर एका जागी रेक्झिन जरा खोलगट होऊन चकाकत होते. पोते नेमके तेथेच बसले. दुसरे त्यांनी त्याच्यावर ठेवले, सुतळी घेतली, आणि दूध बांधताना घालतात तशी गाठ घातली. हात थरथरले नाहीत. हे जिनदत्तांनीही पाहिले असावे.

"आता बसा. कोपऱ्यापासनं जोरात घेऊन या."

तात्या बसले. पोते पाठीला लागले. कोपऱ्यावर जाऊन त्यांनी गाडी वळवली आणि मोकळ्या रस्त्यावर वेग दिला. मुठी आपोआप आवळल्या गेल्या, कारण थरथर येणार याची त्यांना सवय होती. ती आली नाही. हँडल गपगार होते. ते परत आले तेव्हा गॅरेजात दिवा लागला होता.

"न्हाई ना हललं?"

"न्हाई."

"आता निर्धास्त जा. उतारालाबी हलायचं न्हाई."

"तुमचं जेवान ऱ्हायलं."

जिनदत्तांनी अंधारलेल्या आभाळाकडे पाहून सदरा घातला. "एक येळ पोटाला सुट्टी. ब्राह्मी तेवढी बोलंल, बोलू दे. तिच्या आईपरास बरं बोलती."

तात्या तांबडेवाडीस पोहोचले तेव्हा शालूबाईंनी भाकरी झाकून ठेवली होती. ती त्यांनी खाल्ली. म्हशींना पेंड घातली आणि झोपले.

शनिवारी पहाटे त्यांनी धारा काढल्या. कॅन भरले, ओट्यावर आणले, आणि दोन्ही सीटवर बांधले. रंगूबाई ज्या ओट्यावरून गाडीवर चढत, त्याच ओट्यावरून कॅन सीटवर घेणे सोपे गेले. तात्या बसले. नुकत्याच काढलेल्या दुधाचा कॅन कोमट असतो. ती कोमट धग सदऱ्यातून पाठीला लागली. त्यांनी पाठ पुढे घेतली नाही. कालव्याचा पूल आला, डांबरी आली, उतार सुरू झाला. गाडीने वेग घेतला. चाक सरळ होते.

डेअरीच्या ओट्यावर वीरधवल उभा होता. त्याने गाडी येताना पाहिली, पुन्हा पाहिली. कॅन सोडताना तो म्हणाला, "तात्या, सांगलीला गेलता म्हणं."

"व्हय."

"काय निघालं?"

"गाडीच हुती."

वीरधवलने मान खाली घालून दुधाची फॅट लावली. मशीनवर आकडा उमटला, आणि तात्यांनी पुढे होऊन, डोळे बारीक करून तो पाहिला. पूर्वी ते कधी पाहत नसत.

घरी येऊन त्यांनी साईराजला फोन लावला.

"लोणंदच्या माणसाला येऊ नगं म्हण."

"का, आबा?"

"गाडीचा दोष हुता. निघाला."

"नक्की? कुणी बघितली? काय होतं नेमकं?"

तात्यांनी ओट्यावरून गाडीकडे पाहिले. रिकामे कॅन अजून सीटवर बांधलेले होते.

"ओझं लय मागं हुतं. आता तुझ्या आईच्या जागेवर बांधलंय."

फोन चालूच होता. पुण्याकडच्या घरातले लहान मूल कशासाठी तरी हट्ट करीत होते, ते ऐकू येत होते. बऱ्याच वेळाने साईराज म्हणाला, "बरं, आबा." तात्यांनी फोन ठेवला आणि कॅन विसळण्यासाठी सोडू लागले.

कथा येथे पूर्ण झाली. ज्या वाचकांनी आपला अमूल्य वेळ देऊन एका सामान्य मनुष्याच्या गाडीचे हे हकीकतवजा कथन शेवटपर्यंत वाचले, त्यांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. लेखनात जे उणे राहिले असेल ते पदरात घ्यावे.

आपला नम्र,
नानासो बंडू शेवाळे
तांबडेवाडी